मधले आठवडे

आमच्या शॉमबर्गच्या महाराष्ट्र मंडळात नवीन माणूस भेटला की ओळखीचा क्रम ठरलेला असतो. आधी नाव, मग गाव, मग "काय करता?" कुणी क्लाउडमध्ये असतं, कुणी बँकेच्या आयटीत, कुणी हाडांचे डॉक्टर. माझी पाळी आली की मी सांगते, "स्वीडिश कादंबऱ्यांचं इंग्रजीत भाषांतर करते." समोरचा माणूस मान डोलावतो, तोंडातला घास संपवतो आणि विचारतो, "छान. आणि मेन जॉब?"

हाच मेन जॉब आहे, हे सांगता सांगता केस पिकले. मिरजेच्या मुलीनं शिकागोजवळच्या उपनगरात बसून स्वीडनमधल्या लोकांची सुखदुःखं अमेरिकनांना सांगायची, यात काहीतरी घोटाळा आहे असं लोकांना वाटतं. मलाही अधूनमधून वाटतं.

झालं ते साधंच होतं. माझा नवरा श्रीकांत टर्बाइनचा इंजिनियर. लग्नानंतर त्याला स्वीडनमधल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. बाहेरून आलेल्या माणसांसाठी नगरपालिकेचे भाषेचे वर्ग फुकट होते आणि हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधार पडायचा. मी वर्गाला जायला लागले ती खरं तर हीटरसाठी आणि चार माणसं दिसावीत म्हणून. भाषा कधी अंगात मुरली ते कळलंच नाही. पुढे श्रीकांतची बदली इलिनॉयला झाली तेव्हा सामानाबरोबर तीही आली. घरात बसून करता येण्यासारखं काहीतरी हवं म्हणून मी स्टॉकहोममधल्या, परदेशात पुस्तकं विकून देणाऱ्या एका एजंटबाईंना लिहिलं, त्यांनी एक पुस्तक पाठवलं, आणि मी अडकले ती अडकलेच.

या धंद्याबद्दल थोडं सांगते, कारण घरच्यांनाही तो नीट समजलेला नाही. स्वीडिश वाचणारी माणसं जगात मूठभर. त्यामुळे नवीन कादंबरी आली की एजंट तिची सुरुवातीची चाळीस-पन्नास पानं इंग्रजीत करून घेतात. याला आम्ही नमुना म्हणतो. हा नमुना घेऊन ते पुस्तकमेळ्यांना जातात आणि कुठलातरी ब्राझीलचा किंवा कोरियाचा प्रकाशक ती पानं वाचून अख्खं पुस्तक विकत घेतो. पुढचं भाषांतर त्याच्या देशातला माणूस करतो. माझं काम तिथं संपतं. घरात माझ्याकडे अशा सुरुवातींचा ढीग आहे. नायिका घर सोडून निघाली आहे, म्हातारा बर्फातून चालत निघाला आहे, आणि पुढे त्यांचं काय झालं ते इंग्रजीत कधी आलंच नाही. श्रीकांत म्हणतो, तू म्हणजे लग्न जमवून देणारी बाई, संसार दुसऱ्यांचेच.

कधीकधी मात्र अमेरिकेतला प्रकाशक पुस्तक घेतो आणि संपूर्ण भाषांतर माझ्याकडे येतं. मग सहा-आठ महिने मी त्या पुस्तकातल्या गावातच राहायला जाते म्हणा ना. लेखकाला प्रश्न पाठवायचे, उत्तरांची वाट पाहायची, मसुद्यावर मसुदे करायचे, आणि मग संपादकाच्या शेऱ्यांशी झुंजायचं. शेवटी पुस्तक येतं, परीक्षणात कुणीतरी लिहितं, "भाषांतर आहे असं वाटतच नाही." ही आमच्यातली सर्वांत मोठी पावती. एखाद्या बाईनं पुरणपोळी करावी आणि पाहुण्यांनी म्हणावं, तुम्ही केली असं वाटत नाही, त्यातली ही गत.

स्वीडन म्हटलं की इथल्या वाचकांना बर्फातले खून हवे असतात. मीही पोटासाठी पुष्कळ केले. एका वर्षी तर इतके मुडदे पाडले की श्रीकांत माझ्या हातचा चहा निरखून प्यायला लागला. पण आजकाल तिथे जे लिहिलं जातं ते फार वेगळं आहे. उत्तरेकडची ओस पडत चाललेली गावं, शहराबाहेरच्या इमारतींत वाढलेली बाहेरून आलेल्यांची मुलं, बापाशी न बोलणारे मुलगे. कुणी कुणाला मारत नाही. फक्त कुणी कुणाला काही सांगत नाही, आणि चारशे पानं तुमचा जीव टांगलेला राहतो.

लेखकही एकेक नमुने. एका गृहस्थांना मी विचारलं होतं, तुमच्या नायिकेच्या अंगणातला बाक नक्की कसा आहे. उत्तरादाखल त्यांनी बाकाचे फोटो पाठवले. समोरून, मागून, खालून. दुसरे एक लेखक होते, त्यांना इंग्रजी उत्तम येतं हे त्यांचं दुखणं. स्वीडनमध्ये हे दुखणं सार्वत्रिक आहे. त्यांनी माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करून शाळेच्या पुस्तकातल्यासारखं करून पाठवलं. मी सगळं वाचलं, मनापासून आभार मानले आणि एकही बदल घेतला नाही. पुस्तक आल्यावर ते म्हणाले, बघा, माझ्या सूचनांचा किती फायदा झाला.

पण मला सांगायचं आहे ते उल्लाबद्दल.

उल्ला स्टॉकहोमच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या एका छोट्या गावात राहायच्या. जन्मभर दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर लिहायला लागल्या. स्वीडिशमध्ये सगळ्यांना नावानं आणि एकेरीत हाक मारायची पद्धत, त्यामुळे तोंडानं मी त्यांना कायम 'उल्ला, तू' म्हणत आले. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून 'त्या'च होत्या. आईच्या वयाच्या बाईला अरेतुरे करताना अजूनही माझी जीभ अडखळते.

त्यांची जी कादंबरी माझ्याकडे आली तिची गोष्ट दोन ओळींत सांगता येईल. पहिल्या प्रकरणात म्हातारे वडील जातात. शेवटच्या प्रकरणात त्यांचा अंत्यविधी होतो. मधे साधारण चार आठवडे जातात आणि सगळं पुस्तक त्या आठवड्यांचं आहे.

हे आपल्याला विचित्र वाटतं, पण तिकडची ती रीतच आहे. माणूस गेला की लगेच काही होत नाही. चर्च कधी मोकळं आहे ते पाहतात, लांबच्या नातेवाइकांना कळवतात, आणि तीन-चार आठवड्यांनी सगळे जमून निरोप देतात. तोवर लोक कामावर जातात, भांडी घासतात, बर्फ उपसतात. उल्लाच्या पुस्तकात तीन भावंडांतली धाकटी दोघं त्या आठवड्यांत बापाचं घर आवरतात, एका जुन्या होडीवरून भांडतात, आणि मधला भाऊ आधी ठरलेली वेळ आहे म्हणून डेंटिस्टकडे जाऊन येतो. शेवटच्या आठवड्यात थोरला, जो कित्येक वर्षं घरी आलेला नसतो, तो नॉर्वेतून गाडी चालवत येऊन दारात उभा राहतो.

न्यूयॉर्कच्या ज्या छोट्या प्रकाशन संस्थेनं हे पुस्तक घेतलं होतं तिथली संपादक मेगन. जर्सी सिटीत राहणारी, हुशार, मनानं फार चांगली मुलगी. स्वीडिश न येता स्वीडिश पुस्तकांवर जीव टाकणारी. तिनं माझा मसुदा वाचला आणि व्हिडिओ कॉलवर आली ती अवघडलेल्या चेहऱ्यानं. तिचं म्हणणं होतं की अमेरिकन वाचक पानोपानी एकच विचारत राहील, की बॉडी कुठे आहे. त्याचं अर्धं लक्ष शवागाराच्या फ्रीजमध्ये अडकेल. शिवाय ही भावंडं निर्दय वाटतील. म्हणून तिनं मार्ग काढला होता. अंत्यविधी पाचव्या दिवशी करायचा. डेंटिस्ट, होडी आणि आवराआवरीची प्रकरणं काढायची, थोरल्याला विमानानं आणायचं. पुस्तक शंभर पानांनी कमी होईल आणि घट्ट होईल.

मी वाद घातला. रचना, लय, समीक्षक काय म्हणतील, सगळं काढलं. मेगननं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, पण उल्लाला मी विचारलंय, आणि ती तयार आहे. तिनं मला उत्तर वाचून दाखवलं. "हो, तेही बहुतेक चांगलं होईल. तुम्हाला तिकडचं जास्त कळतं."

मेगनला तो होकार वाटला. कुणालाही वाटला असता. पण मी त्या लोकांत राहिले आहे. स्वीडिश माणूस जेव्हा 'तेही बहुतेक चांगलं होईल' म्हणतो, तेव्हा तो दुखावून घरात जाऊन दार लावून बसलेला असतो. तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं.

मी उल्लाला फोन केला. आधी त्या हवेबद्दल बोलल्या, मग मांजराबद्दल. मी गप्पच राहिले. तिकडच्या माणसाकडून काही काढून घ्यायचं असेल तर आपण गप्प राहावं लागतं, आणि आपल्या माणसाला त्याच्याइतकं कठीण काही नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "माझा नवरा गेला तेव्हा मला ते आठवडे मिळाले. पहिल्या आठवड्यात मी त्याच्यावर चिडलेली होते. तिसऱ्यात त्याचे बूट पॉलिश केले. पाचव्या दिवशी निरोप द्यावा लागला असता तर चिडलेल्या बाईनं दिला असता."

"मग हे मेगनला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"ती इतकी आनंदात होती," उल्ला म्हणाल्या.

माझे मसुदे पहिल्यांदा वाचते ती माझी मैत्रीण संजीवनी. नागपूरची, दोन गल्ल्या पलीकडे राहते, प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि मनात येईल ते बोलते. तिचं सुरुवातीचं मत मेगनसारखंच होतं. पहिली शंभर पानं वाचून तिनं फोन केला होता, "यार, ही माणसं आहेत का कोण? घरात बाप गेलाय आणि हा डेंटिस्टची अपॉइंटमेंट कॅन्सल पण करत नाही?" मी म्हटलं, पूर्ण वाच.

उल्लाशी बोलणं झालं त्याच शनिवारी ती उरलेली पानं परत द्यायला आली. चहा ठेवला होता. माझी मुलगी इरा तिथंच लॅपटॉप घेऊन बसली होती. पानं द्यायला आलेली संजीवनी ती हातातून सोडेना, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. तिचे बाबा गेले तेव्हा तिचा व्हिसा रिन्यूअलला अडकला होता. ती जाऊच शकली नव्हती. फोन एका टेकूवर ठेवून कुणीतरी तिला सगळं दाखवलं होतं, आणि मधेच नेटवर्क गेलं होतं. हे मला माहीत होतं, पण त्यावर ती कधी बोललेली नव्हती.

"मला असे आठवडे मिळाले असते ना," ती म्हणाली, "तर मी पण डेंटिस्टकडे गेले असते. भांडीबिंडी घासली असती. सगळं रोजचं केलं असतं आणि मग गेले असते बाबांकडे."

इरानं मान वर केली. "मावशी, दॅट्स द होल बुक," ती म्हणाली. "आई, तू मेगनला हे का नाही सांगत?"

मी सांगितलं नव्हतं, कारण धंद्याच्या गोष्टीत घरचं रडगाणं आणायचं नाही असा माझा नियम होता. शिवाय माझं रडगाणंही संजीवनीसारखंच होतं. माझी आई मिरजेला वारली तेव्हा दादाचा फोन आला, तू नीघ, पण थांबणं शक्य नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मे महिना, घरात माणसं जमलेली, आणि मी जगाच्या दुसऱ्या टोकाला. मी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर गेटपाशी बसले होते तेव्हा तिकडे सगळं उरकलं. घरी पोचले तर आईची साडी दोरीवर वाळत होती आणि ती नव्हती. या देशात राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची हीच गोष्ट आहे. आपण त्यावर बोलत नाही, कारण बोलून काय करणार. मला मात्र अजूनही भडभडून येतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं आता वाटत नाही.

सोमवारी मेगनशी पुन्हा कॉल होता. मी तिला आईचं सगळं सांगितलं. संजीवनीचंही सांगितलं, तिला विचारून. मग म्हटलं, "आमच्यासारख्या माणसांना पोचायला उशीर होतो, मेगन. या पुस्तकात सगळे पोचतात. थोरलासुद्धा पोचतो, आणि तो गाडी चालवत येतो म्हणूनच पोचतो, त्या वाटेत त्याचं मन वळतं. तू जी शंभर पानं काढतेयस, ती त्याची वाट आहे."

मेगन म्हणाली, "मला पुन्हा वाचू दे." तिनं खरंच पुन्हा वाचलं. हे किती संपादक करतात ते विचारू नका.

तिचं उत्तर आलं त्यात एकही पान कापलेलं नव्हतं. तिची एकच विनंती होती, आणि ती रास्त होती. वाचकाला सुरुवातीलाच कळू दे की हे असंच असतं. तळटीप द्यायला आम्हाला आवडत नाही. कादंबरीत तळटीप आली की नाटक चालू असताना मधेच कुणीतरी दिवे लावल्यासारखं होतं. म्हणून आम्ही माहिती एखाद्या वाक्यात गुपचूप सरकवून देतो. यावेळी मी ते केलं नाही, उल्लालाच विचारलं. त्यांनी इंग्रजी आवृत्तीसाठी एक नवीन संवाद लिहून पाठवला. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या कार्यालयातली बाई धाकट्या बहिणीला सांगते, "चर्च पुढच्या महिन्यात मोकळं आहे. तोवर घरी जा आणि झोपा. वेळ आहे." पुढे स्वीडिशच्या दुसऱ्या आवृत्तीतही तो संवाद आला. मूळ पुस्तकानं भाषांतराकडून काही घेतल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकच प्रसंग, आणि तो मी मंडळात संधी मिळेल तेव्हा सांगते.

पुस्तक आलं. फार खपलं असं नाही, पण लोकांनी जीव लावला. शिकागोत स्वीडिश लोकांची जुनी वस्ती आहे, तिथल्या एका पुस्तकाच्या दुकानानं उल्लाला वाचनासाठी बोलावलं. त्या हॉटेल सोडून आमच्याकडेच उतरल्या. दारात पाऊल टाकताच न सांगता बूट काढले, तेव्हा श्रीकांतनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू माहेरचंच कुणी आलंय. वरणभात दोनदा घेतला, लिंबाच्या लोणच्याची बरणी स्वतःपुढे ओढून ठेवली आणि दिवसभर कॉफी प्यायल्या. श्रीकांत गंजलेल्या स्वीडिशमध्ये त्यांना टर्बाइन समजावून सांगत होता आणि त्या गंभीरपणे ऐकत होत्या. हॉलमधल्या आईच्या फोटोपुढे त्या जरा थांबल्या. जाताना फोटोची धूळ रुमालानं पुसली, एवढंच.

तिकडे एक सुंदर रीत आहे. कुणाच्या घरी जेवलात, कुणाबरोबर वेळ घालवलात, की त्याच्याशी पुढची भेट होईल तेव्हा पहिलं वाक्य म्हणायचं, मागच्या वेळेबद्दल आभार. भेट काल झालेली असो की वर्षापूर्वी. हे वाक्य प्रत्येक कादंबरीत येतं आणि इंग्रजीत मला ते कधीही जमलेलं नाही. बहुतेक वेळा मी ते गाळते, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो. विमानतळावर उल्लाला पोचवताना मी म्हटलं, ईमेल करा. त्या म्हणाल्या, करीन, पण आभार ईमेलवर नाही मानायचे. "ते तोंडानं. पुढच्या भेटीत."

पुढची भेट ठरत गेली आणि राहत गेली. मग गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा ईमेल आला. उल्ला झोपेतच गेल्या होत्या. खाली अंत्यविधीची तारीख होती आणि त्यानंतर, तिकडच्या पद्धतीप्रमाणे, चर्चनंतरच्या जेवणाला येणार का आणि कसली अॅलर्जी आहे का ते कळवावं, असं लिहिलं होतं. मी रडता रडता हसले. तारीख जवळजवळ चार आठवड्यांनंतरची होती.

माझ्या हातून सवयीनं विमानाच्या तिकिटाची साइट उघडली गेली. आजची, उद्याची, मिळेल ती सीट. श्रीकांत मागे उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, वेळ आहे," तो म्हणाला.

त्या आठवड्यांत मी हातातलं एक प्रकरण पूर्ण केलं, दिवाळीत लावलेली दिव्यांची माळ एकदाची उतरवली, फ्रीज आतून धुतला. एक दिवस उल्लावर चिडलेही, आणखी एक पुस्तक लिहायचं होतं ना म्हणून. संजीवनी अधूनमधून येऊन बसायची. मी येतेय आणि शाकाहारी आहे, एवढंच मी उल्लाच्या मुलीला कळवलं.

चर्च लहान होतं, बाहेर बर्फ होता. उल्लाचा थोरला मुलगा, जवळच्या नातलगांच्या तिकडच्या रीतीप्रमाणे, पांढरा टाय लावून उभा होता. तिकडे प्रत्येक जण एक फूल घेऊन शवपेटीपाशी जातो, क्षणभर थांबतो, मनात काय म्हणायचं ते म्हणतो आणि परत येतो. कुणी घाई करत नाही. माझी पाळी आली. मी फूल ठेवलं. स्वीडिश आठवत होतं, इंग्रजी तर पोटापाण्याचंच, पण तोंडातून जे आलं ते मराठीत आलं, आणि एकेरीत नाही आलं.

"उल्ला," मी म्हटलं, "मागच्या वेळी आमच्याकडे आलात, फार बरं वाटलं. मी पोचले हं."